पिल्लं सोडायच्या आधी आईबाप कोण ते बघा

राजा अम्पात हे नाव डायव्हिंग करणाऱ्यांनी हमखास ऐकलेलं असतं. बाकीच्यांसाठी सांगते, इंडोनेशियाच्या पार पूर्वेला, पापुआच्या पश्चिम टोकाशी, साधारण दीड हजार लहानमोठ्या बेटांचा हा पुंजका आहे आणि प्रवाळ म्हणा मासे म्हणा, जगातल्या सगळ्यात समृद्ध समुद्रांपैकी एक. तर तिथे 2001 ते 2021 या काळात संशोधक आणि डायव्हर्स मिळून पाण्याखाली 15,000 तासांपेक्षा जास्त शोधत होते आणि एवढ्या वेळात झेब्रा शार्क दिसले फक्त तीन.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हापासून मी या प्रकरणाच्या मागे लागले आहे. मी शार्कवाली नाही, मी पुण्यातल्या एका लॅबमध्ये डीएनएचं काम करते, रोजचं पीसीआर, प्रायमर, सॅम्पल, तेच ते. पण माझं माहेर दापोलीकडचं, लहानपणापासून हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव बघितलेला, त्यात मुशी, म्हणजे आपल्याकडचे शार्कच, ओळीने मांडलेल्या असायच्या, त्यामुळे शार्क आणि डीएनए हे दोन्ही एकत्र आलं की माझं बाकीचं वाचन बाजूला पडतं. आज जरा सविस्तर लिहिते, कारण या गोष्टीत आमच्या कामाला जेवढं महत्त्व मिळालंय तेवढं बातम्यांमधून कळतच नाही, बातमीत पिल्लं पाण्यात सोडतानाचा फोटो येतो आणि संपलं.

आधी प्राणी कसा ते सांगते. झेब्रा शार्क जन्मतो तेव्हा गडद अंगावर पांढरे-पिवळसर पट्टे असतात, म्हणून झेब्रा. मोठा होताना पट्टे तुटत तुटत जातात आणि पूर्ण वाढलेल्याच्या अंगावर बिबट्यासारखे ठिपके राहतात, म्हणून कितीतरी डायव्हर्स याला लेपर्ड शार्कच म्हणतात. लांबी अडीच मीटरपर्यंत जाते पण त्यातली जवळपास अर्धी नुसती शेपटी. दिवसा वाळूवर निवांत पडून असतो, रात्री उठून शंख-शिंपले, खेकडे, बारीक मासे शोधून खातो. माणसाला याचा काही त्रास नाही. तांबड्या समुद्रापासून आफ्रिकेचा किनारा, आपला हिंदी महासागर, मग जपान, ऑस्ट्रेलिया, थेट पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत याचा वावर. पण उथळ पाण्यात, तळाशी, संथ राहणारा मासा म्हटल्यावर जाळ्यात पहिला तोच सापडणार. आययूसीएन, म्हणजे कुठला प्राणी किती धोक्यात आहे ते ठरवणारी जागतिक संस्था, तिच्या यादीत तो धोक्यात आलेला म्हणून आहे. ऑस्ट्रेलियात मात्र बरा आहे, तिथे क्वीन्सलँडच्या दक्षिणेला उन्हाळ्यात शेकड्याने जमतात.

राजा अम्पातमध्ये विसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी पंखांसाठी शार्कची बेसुमार मासेमारी झाली. नंतर संरक्षित क्षेत्रं झाली, शार्कच्या मासेमारीवर बंदी आली, गस्त सुरू झाली, आणि याचा खरंच उपयोग झाला, ब्लॅकटिप रीफ शार्क परत आले, मांटा रे वाढले. झेब्रा शार्क मात्र आले नाहीत. कारण उरलेच इतके कमी होते की नर आणि मादी यांची गाठच पडेना. एवढ्या मोठ्या समुद्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्राणी विखुरलेले असतील तर तुम्ही कितीही कडक बंदी घाला, पिल्लं कुठून येणार? बंदीने मरण थांबतं, जन्म होत नाहीत. मला वाटतं हे आपण संवर्धनाबद्दल बोलताना फार पटकन विसरतो.

आता दुसरी बाजू बघा. जगभरच्या मोठ्या अ‍ॅक्वेरियममध्ये हाच झेब्रा शार्क अगदी छान रुळतो, आणि अंडी घालतो, भरपूर घालतो. अंडं म्हणजे गडद तपकिरी, चामड्यासारखी पिशवी, साधारण वीतभर लांब, बाजूला केसांसारखे झुपके असतात ते समुद्रात कुठेतरी अडकून राहण्यासाठी. पाचेक महिन्यांनी त्यातून पिल्लू बाहेर येतं. अ‍ॅक्वेरियमना एवढी पिल्लं ठेवायला जागा नसते त्यामुळे बरीच अंडी उबवलीच जात नाहीत. म्हणजे एकीकडे अंडी जास्त झालीयेत आणि दुसरीकडे समुद्रात प्राणीच नाही. मग अंडी तिकडे न्या, उबवा, पिल्लं वाढवून सोडा, इतकी सरळ कल्पना आहे ही, आणि यातूनच 2020 च्या सुमारास स्टार नावाचा प्रकल्प उभा राहिला, त्यात डझनावारी संस्था आहेत, सिअ‍ॅटल अ‍ॅक्वेरियमच्या एरिन मायर आहेत, इंडोनेशियाच्या बाजूने नेशा इचिदा आहेत. वाघ-गेंड्यांच्या बाबतीत असं पुनर्वसन आपण ऐकलंय, शार्कच्या बाबतीत हे अशा पद्धतीने पहिल्यांदाच होत होतं.

पण कुठलीही अंडी उचलून नेऊन चालत नाही. आणि इथेच आमचं काम येतं.

क्रिस्टीन डजन नावाच्या ऑस्ट्रेलियन संशोधक आहेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्येच दाखवून दिलं होतं की झेब्रा शार्क दिसायला सगळीकडे सारखा असला तरी आतून दोन वेगळे गट आहेत. एक हिंदी महासागर ते आग्नेय आशिया, दुसरा पूर्व इंडोनेशिया ते ऑस्ट्रेलिया आणि पुढे पॅसिफिक. दोन गटांमध्ये येणंजाणं जवळपास नाही, आणि सीमा इंडोनेशियाच्या मधूनच कुठूनतरी जाते, म्हणजे नकाशावर एकच देश पण शार्कच्या हिशेबाने दोन मुलुख. राजा अम्पात पूर्वेकडच्या गटात येतं. त्यामुळे तिथे सोडायची पिल्लं पूर्वेच्या गटातलीच हवीत. पिढ्यानपिढ्या त्या पाण्यात, तिथल्या तापमानात, तिथल्या रोगांमध्ये जे टिकलं ते त्या गटाच्या जनुकांमध्ये आहे. तुम्ही हिंदी महासागरातली पिल्लं शेकड्याने आणून ओतलीत तर तिथे जे थोडेफार मूळचे उरलेत त्यांचा वंश या गर्दीत विरघळून जाईल, आणि एकदा मिसळलेलं परत वेगळं काढता येत नाही.

मग प्रश्न असा की अ‍ॅक्वेरियममधला शार्क कुठला ते कसं कळणार. कागदपत्रं असतात पण जुन्या प्राण्यांची नोंद कधीकधी एवढीच असते की अमुक व्यापाऱ्याकडून घेतला, तो व्यापारी कुठून आणतो ते कुणाला माहीत. शिवाय टाकीत दोन वेगळ्या गटांचे प्राणी एकत्र ठेवले गेले तर त्यांची पिल्लं मिश्र होणार, ती प्रदर्शनाला उत्तम, या कामाला नाहीत. आपल्याकडे कोल्हापूर-सोलापूरच्या बाजूला हेळवी घरोघरी येऊन वंशावळ वाचून दाखवतात ना, कुणाचा कोण, मूळ गाव कुठलं, तशी वही या प्राण्यांची असायला हवी होती. ती अर्धवट होती, म्हणून ती डीएनएवरून लिहायला घेतली.

काम कसं होतं ते सांगते, कारण हे मी रोज करते, प्राणी वेगळे असतात एवढंच. पंखाच्या कडेचा नखाएवढा तुकडा घेतात, शार्कला त्याचं फारसं काही होत नाही, जखम भरून येते. त्यातून डीएनए काढायचा. मग दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए, हा फक्त आईकडून येतो, त्यामुळे आईची, आजीची, पणजीची ओळ कुठल्या समुद्रातली ते कळतं. पण तेवढ्यावर भरवसा ठेवायचा नाही कारण बाप दुसऱ्या गटाचा असू शकतो आणि मायटोकॉन्ड्रिया त्याच्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. म्हणून दुसरं, मायक्रोसॅटेलाइट. डीएनएमध्ये काही जागा अशा असतात की तिथे दोन-तीन अक्षरं परत परत येतात, कुणाकडे बारा वेळा, कुणाकडे अठरा वेळा. प्रत्येक जागेची एक प्रत आईकडून, एक बापाकडून. मशीनमधून निघालेल्या आलेखावर त्याचे उंच टोकदार शेंडे दिसतात, दोन प्रती वेगळ्या असतील तर दोन शेंडे, सारख्या असतील तर एकच. अशा बऱ्याच जागा बघितल्या की कोण कुणाचं पिल्लू, कोण कुठल्या गटाचं, हे अगदी स्वच्छ कळतं. संध्याकाळी उशिरापर्यंत बसून स्क्रीनवर एकेक शेंडा तपासायचा, एखादा बुटका शेंडा खरा आहे की मशीनच्या गडबडीने उमटलेला खोटा आहे ते ठरवायचं, पटलं नाही तर सॅम्पल परत चालवायचं, हे काम कंटाळवाणं वाटतं खरं पण मला मनापासून आवडतं, कारण त्या शेंड्यांवर पुढचा सगळा निर्णय उभा असतो.

आता यातला सगळ्यात विलक्षण भाग.

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सविलच्या अ‍ॅक्वेरियममध्ये लिओनी नावाची झेब्रा शार्क मादी होती. तिला आधी नराबरोबर पिल्लं झाली होती, मग नर वेगळा केला, आणि पुढे काही वर्षं नर नसताना 2016 मध्ये तिच्या अंड्यांतून तीन पिल्लं बाहेर आली. पहिली शंका अशी की तिने जुन्या नराचं वीर्य साठवून ठेवलं असेल, शार्क माद्या असं करतात हे माहीत आहे. पण डीएनए तपासला तर पिल्लांमध्ये बापाची एकही खूण नाही. जे शेंडे होते ते सगळे आईचेच, आणि आईकडे जिथे दोन होते तिथे पिल्लांकडे बहुतेक ठिकाणी एकच. म्हणजे ही पिल्लं बापाशिवाय झालेली. अंडं तयार होताना बाजूला पडणारी एक छोटी पेशी असते, ती अंड्यातच परत मिसळते आणि नराच्या ऐवजी काम भागवते. आधी नराबरोबर आणि मग नराशिवाय, असा बदल करणारी शार्क पहिल्यांदाच नोंदवली गेली, डजन यांच्याच टीमने 2017 मध्ये ते प्रसिद्ध केलं.

पुढे 2022 मध्ये शिकागोच्या शेड अ‍ॅक्वेरियमची गोष्ट प्रसिद्ध झाली आणि मला वाटतं ती जास्त महत्त्वाची आहे. तिथे त्याच टाकीत धडधाकट नर होते. तरीही एका मादीची काही पिल्लं बापाशिवायची निघाली. फील्ड म्युझियमचे केविन फेल्डहाइम वगैरे मंडळींनी तपासणी केली नसती तर कुणालाही संशय आला नसता, नर आहे मादी आहे अंडी आहेत, कोण कशाला विचारणार. ती पिल्लं काही महिन्यांतच मेली.

आता हे राजा अम्पातशी जोडून बघा. एका मादीच्या बऱ्याच अंड्यांमध्ये अशी बापाशिवायची थोडी असू शकतात आणि बाहेरून फरक काहीच दिसत नाही, तेच पट्टे, तीच लांब शेपटी. पण त्यांच्याकडे जनुकांची विविधता जवळपास उरलेली नसते, आईचे सुप्त दोष दुप्पट होऊन वर येतात, आणि सगळ्या माद्याच असतात. जिथे मुळात संख्या शून्यापासून उभी करायची आहे तिथे असली पिल्लं सोडणं म्हणजे पुढच्या पिढीचा पायाच कच्चा. म्हणून आईबाप दोघांचा डीएनए हातात असणं आणि पिल्लाचा त्याच्याशी जुळवून बघणं याला पर्याय नाही. आणि नुसता गट बरोबर असून भागत नाही, एकाच जोडप्याची दोनशे भावंडं सोडली तर ती मोठी होऊन एकमेकांशीच जुळणार. म्हणून जोड्या वेगवेगळ्या हव्यात, अ‍ॅक्वेरियम वेगवेगळे हवेत. जगभरचे अ‍ॅक्वेरियम एकत्र आणायची खटपट याचसाठी आहे.

पहिली अंडी ऑगस्ट 2022 मध्ये ऑस्ट्रेलियातून निघाली. विमानाने इंडोनेशिया, तिथून पापुआतलं सोरोंग शहर, मग बोटीने राजा अम्पातच्या बेटावर. तिथे अंडी टाक्यांमध्ये ठेवून उबवली आणि पिल्लांची देखभाल करायला तिथलीच पापुअन मुलंमुली नेमली, त्यांना सगळे शार्कच्या दाया म्हणूनच ओळखतात. रोज पिल्लांना जिवंत गोगलगायी, शिंपले द्यायचे म्हणजे शिकार करायची सवय लागते, वजन-लांबी घ्यायची, आधी टाकी मग समुद्रातच जाळीचं कुंपण, आणि अंग धरलं की टॅग लावून मोकळं. जानेवारी 2023 मध्ये वायाग बेटांपाशी चार्ली आणि कॅथलिन ही पहिली दोन पिल्लं सोडली. दहाएक वर्षांत 500 च्या आसपास सोडायचं ठरलंय. ज्या गावांनी पूर्वी शार्क पकडताना बघितले त्या गावांतली पोरं आज पिल्लांना भरवतात, हे मला त्या फोटोंपेक्षाही मोठं वाटतं.

आणि डीएनएचं काम सोडल्यावरही संपत नाही. आईबापांचे प्रोफाइल नोंदलेले असले की उद्या त्या समुद्रात एखादं पट्टेरी पिल्लू सापडलं आणि त्याच्या पंखाचा तुकडा मिळाला तर ते सोडलेल्यांपैकी आहे, सोडलेल्यांचं पोर आहे की मूळच्या उरलेल्यांचं, हे सांगता येईल. टॅग गळून पडतो, बॅटरी संपते, डीएनए तसाच राहतो.

आता आपल्याकडे येते. आपल्या पाण्यातला झेब्रा शार्क पश्चिमेकडच्या, म्हणजे हिंदी महासागराच्या गटातला. राजा अम्पातची अंडी आपल्याला उपयोगाची नाहीत आणि आपल्या शार्कची त्यांना नाहीत. आपला गट आपल्यालाच सांभाळायचा आहे, हे त्या 2009 च्या कामाचं आपल्यासाठीचं उत्तर आहे आणि ते इथे कुणी फारसं बोलत नाही. कायदे आपल्याकडे आहेत, 2001 मध्ये व्हेल शार्क, गंगेतला शार्क, करवत मासे अशांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये घातलं, 2015 पासून शार्कच्या पंखांची निर्यात बंद आहे, आणि महाराष्ट्रात 2018 च्या शेवटी आलेली ती योजना मला फार चांगली वाटते, संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि कोळ्याने जाळं कापून त्याला सोडलं तर जाळ्याचे 25,000 रुपयांपर्यंत मिळतात. पण किती आहेत, कुठल्या गटातले आहेत, वाढतायत की कमी होतायत, हे कळल्याशिवाय कायदा कुठे कमी पडतोय ते कसं कळणार?

इथे अजून एक तंत्र आहे ते मला आपल्या किनाऱ्यावर बघायचंच आहे. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेने पांढऱ्या शार्कची मोजणी केली. मोठे पांढरे शार्क सापडणं अवघड, मग त्यांनी लहान शार्कचे तुकडे घेतले आणि त्यांच्यात सावत्र भावंडं किती आहेत ते डीएनएवरून शोधलं. तर्क साधा आहे, आईबाप थोडे असतील तर कुठलीही दोन पिल्लं एकाच घरची निघण्याची शक्यता जास्त, भरपूर असतील तर कमी. त्यावरून 2018 मध्ये त्यांनी सांगितलं की पूर्व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बाजूला पूर्ण वाढलेले साधारण 750 असावेत. एकही मोठा शार्क न पकडता. आणि त्याआधी हेच तंत्र ट्यूना माशांवर वापरलं तेव्हा सॅम्पल बंदरात उतरलेल्या मेलेल्या माशांचे होते.

म्हणजे ससून डॉक, हर्णै, मालवण, जिथे मुशी रोज उतरते तिथे हे करता येईल. त्यासाठी वेगळं कुणाला मारायचं नाही, कुणाचा धंदा बंद करायचा नाही. विकायला आलेल्या मुशीच्या पंखाच्या कडेचा नखाएवढा तुकडा, छोट्या नळीत 95 टक्के इथेनॉल, वर तारीख, बंदर, मासा किती लांब, नर की मादी. नर ओळखायला तर काही शिकायलाही लागत नाही, पोटाखालच्या पंखांपाशी दोन दांड्यांसारखे अवयव दिसतात, आमच्याकडच्या कोळणी लांबूनच सांगतात. प्रजात कुठली ते बारकोडिंगवरून, म्हणजे डीएनएचा एक ठरावीक छोटा भाग वाचून, लॅबमध्ये कळतं, डोकं कापलेलं असलं तरी. संरक्षित प्रजातींना अर्थातच हात लावायचा नाही, ते वनखात्याला कळवायचं.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारं किंवा शिकणारं कुणी कोकणात, गोव्यात असेल आणि आपापल्या बंदरावर हे सुरू करायचं मनात असेल, तर खाली लिहा. परवानग्या कुठे लागतात, तुकडा किती घ्यायचा, इथेनॉल केव्हा बदलायचं (पहिल्या दिवशीच एकदा बदलायचं, नाहीतर टिश्यूतलं पाणी त्यात उतरतं आणि डीएनए खराब होतो) हे सगळं मी लिहून पाठवते. पावसाळी बंदी उठली की ऑगस्टमध्ये बोटी परत समुद्रात जातात, तोपर्यंत नळ्या आणि तक्ते तयार ठेवता येतील.